बागेचा ठराव

मी पाच वर्षं मेंबर होते. आता सांगून कुणाला पटत नाही, कारण जिची मी मेंबर होते ती ग्रामपंचायतच उरलेली नाही. पनवेलच्या एसटी स्टँडवरून रिक्षा केली तर पंधरा मिनिटांत आमचं गाव यायचं. मधे पूल झाल्यापासून पंचवीस मिनिटं लागतात, त्याला विकास म्हणतात.

माझं माहेर जासईचं. पनवेलच्या कॉलेजात बी.ए. झाले आणि या गावात सून म्हणून आले. आमच्या आळीची जागा महिलांसाठी राखीव झाली तेव्हा गावात शिकलेली आणि भांडायला न लाजणारी बाई शोधायची वेळ आली. दोन्ही गुण एकाच घरात सापडले. खरं तर भांडायचा गुण माझ्या सासूबाईंचा होता, मी नुसती शिकलेली होते. पण त्यांचं वय झालेलं, म्हणून फॉर्म माझा भरला.

आमच्याकडे बाई मेंबर झाली की कारभार नवरा करतो. माझा नवरा जासईला कंटेनरच्या यार्डात सुपरवायझर. त्याला रविवारीसुद्धा सुट्टी मिळायची मारामार, मीटिंगला कुठून येणार? म्हणून नाइलाजानं कारभार मलाच करावा लागला. पहिल्या मीटिंगला सरपंचांनी विचारलं, "मिस्टर नाय आले?" मी म्हटलं, "निवडून मी आलेय, त्यांना कशाला त्रास?" सगळे हसले. मी विनोद केला नव्हता.

आता मुद्द्याचं सांगते. मेंबर झाले त्याच वर्षी सासरे गेले, आणि गेले ते भर पावसाळ्यात. आमचं स्मशान खाडीच्या कडेला, जुन्या मिठागराच्या बांधाला लागून. स्मशान म्हणजे काय, तर चार दगड आणि काळी पडलेली जमीन. वर छप्पर नाही, बाजूला भिंत नाही. चार माणसांनी ताडपत्रीची टोकं धरली, कुणी टायर आणला, कुणी रॉकेल ओतलं. सकाळी लावलेली चिता दुपारपर्यंत धुमसत होती. बायका आमच्याकडे स्मशानात जात नाहीत, पण बांधावरून सगळं दिसतं. सासूबाई भिजत बांधावर उभ्या होत्या. घरी आल्यावर रडल्या नाहीत. लुगडं पिळता पिळता मला म्हणाल्या, "मेंबर हायस ना गो? मंग तया पतरा घाल. मना बी तिथंच जलायचं हाय, याच्या बाजूला. पन मना कोरडं जलायचं हाय."

झालं. मला पाच वर्षांचा कार्यक्रम मिळाला. बाकीचे मेंबर गटार, बोअरिंग, समाजमंदिर मागत होते, मी स्मशानाची शेड मागत होते. घरची सून आणि रोज स्मशान स्मशान करते म्हणून बायका माझ्याकडे विचित्र नजरेनं बघायला लागल्या.

आमच्या ग्रामसेवकांना सगळे भाऊसाहेब म्हणायचे. माणूस गोड. नाही हा शब्द त्यांच्या तोंडात कधी आला नाही आणि होय म्हटलेलं काम कधी झालं नाही. दोन वर्षं ते म्हणत राहिले, "होय ताई, करू की. स्मशानाच्या हेडला पैसे आले की पुढच्या वर्षी नक्की." तिसऱ्या वर्षी मार्चच्या पहिल्या आठवड्यात ते स्वतः घरी आले. हातात फाईल, कपाळावर घाम. उद्यानाच्या हेडला निधी पडून होता. महिन्याच्या आत खर्ची पडला नाही तर परत जाणार. गावात बागेला जागा कुठं होती? जिथं म्हणून मोकळी जमीन होती तिथं कुणी ना कुणी गाळे काढले होते.

भाऊसाहेब चहा पिता पिता म्हणाले, "ताई, शेड ती शेड. वर पत्रा, खाली कोबा. कागदावर आपण उद्यान व बैठक शेड म्हणू. पत्र्याला काय कळतंय खाली कोण बसलंय आणि कोण झोपलंय?"

मी हसले. खोटं कशाला सांगू, मला ही युक्ती फार आवडली. सरकारला मस्त उल्लू बनवलं असं वाटलं. ग्रामसभेत ठराव आला, 'खाडीकाठच्या गावठाण जागेत ग्रामपंचायत उद्यान व बैठक शेड बांधणे'. सूचक म्हणून माझी सही. अनुमोदक सरपंच. सर्वानुमते मंजूर. गावात सर्वानुमते मंजूर झालेला तो बहुतेक एकमेव ठराव, कारण मरायचं सगळ्यांनाच होतं.

महिन्याभरात शेड उभी राहिली. नियमाप्रमाणे बोर्ड लावणं भाग होतं, म्हणून स्मशानाच्या तोंडाशी 'ग्रामपंचायत उद्यान' असा हिरवा बोर्ड लागला. फोटोपुरत्या जास्वंदीच्या चार कुंड्या आणल्या, फोटो झाल्यावर त्या सरपंचांच्या ओट्यावर गेल्या. गावानं ही गंमत लगेच उचलली. कुणी आजारी पडला की म्हणायचे, "आता बागेत जातोय वाटतं." पहिली चिता त्या शेडमध्ये पेटली ती धो धो पावसात, आणि अशी पेटली की बघत राहावं. सासूबाईंनी बांधावरून बघितलं आणि घरी येऊन माझी दृष्ट काढली. सासूनं सुनेची दृष्ट काढली हे मी अजून माहेरी सांगते.

त्यांना अक्षरओळख नव्हती. बोर्डावर काय लिहिलंय, ठरावात काय लिहिलंय, त्यांना घेणंदेणं नव्हतं. बाग बाग म्हणतात ती गावाची चेष्टा, एवढंच त्यांना वाटायचं. त्यांच्या लेखी सुनेनं पत्रा घातला होता.

मग आमचं शहर झालं. आसपासची आमच्यासारखी चार गावं एकत्र करून नवी नगरपरिषद निघाली. एका सकाळी उठलो तर सरपंच माजी, आम्ही सगळे मेंबर माजी, ग्रामसभा बंद. गावात फटाके वाजले. का वाजले ते वाजवणाऱ्यांनाही ठाऊक नव्हतं. एक जण म्हणाला, आता आपण सिटी झालो, उलव्यासारखे टॉवर होतील. उलव्याला माझी नणंद राहते. तिच्या टॉवरला लिफ्ट दोन आहेत आणि पाणी दिवसाआड टँकरनं येतं. ते मी त्याला सांगितलं, पण फटाक्यांत ऐकू गेलं नाही.

निवडणूक होईपर्यंत प्रशासक बसले. बसले म्हणजे कागदावर बसले. त्यांच्याकडे आणखी दोन ठिकाणचा चार्ज होता, त्यामुळे ते नेहमी तिसऱ्या ठिकाणी असायचे. पूर्वी आळीतला दिवा गेला की मी सरपंचांच्या ओट्यावर जाऊन आरडाओरडा करायची आणि संध्याकाळपर्यंत दिवा लागायचा. आता दिवा गेला की अर्ज करायचा, अर्जाला आवक नंबर घ्यायचा आणि नंबर घेऊन अंधारात बसायचं. निवडणूक आज होईल, उद्या होईल, वॉर्डांची रचना बदलली, पुन्हा बदलली. आम्हाला विचारायला कुणी नव्हतं आणि ओरडायला ओटा नव्हता. ग्रामपंचायतीच्या इमारतीला आधी कुलूप लागलं, मग तिथे झेरॉक्सचं दुकान आलं. खरं सांगायचं तर त्या इमारतीत पहिल्यांदाच वेळेवर काम व्हायला लागलं.

आणि मग डीपी आला. डीपी म्हणजे शहराचा विकास आराखडा, मोठा रंगीत नकाशा. तो नगरपरिषदेच्या भाड्याच्या ऑफिसात भिंतीवर लावला आणि ज्याची हरकत असेल त्यानं महिन्याभरात लेखी द्यावी अशी नोटीस निघाली. गाव लोटलं. जो तो आपलं घर शोधत होता, कुणाच्या घरावर रस्ता, कुणाच्या गोठ्यावर दवाखाना. मी खाडीचा काठ शोधला. आमच्या स्मशानावर हिरवा चौकोन होता. आत लिहिलं होतं, 'विद्यमान उद्यान'.

माझ्या पायाखालची जमीन सरकली. नकाशा करणाऱ्यांचं काहीच चुकलं नव्हतं हो. त्यांनी ग्रामपंचायतीचं दप्तर उघडलं, त्यात ठराव मिळाला, शेडचं बिल मिळालं, कुंड्यांचा फोटो मिळाला. सगळं नियमानं. गावाचं स्मशान म्हणून कागदावर काहीच नव्हतं, कारण चार दगडांची नोंद कोण करतो? चारही गावांसाठी नवं स्मशान हायवेच्या बाजूला दाखवलं होतं.

घरी येऊन मी अर्धंच सांगितलं. म्हटलं, "आई, नकाशात आपल्या स्मशानाची बाग झालीय."

"कोनी केली?"

"कागदात तसं लिहिलेलं होतं म्हणे."

"कोनी लिवलं?"

मी म्हटलं, "काय माहीत."

त्या दिवसापासून शिव्या सुरू झाल्या. आगरी बाईच्या शिव्या ज्यानं ऐकल्या नाहीत त्याला मी त्या लिहून कळायच्या नाहीत. सकाळी चहाचा कप हातात घेतला की पहिल्या घोटाआधी सुरुवात व्हायची. "ज्यानं बाग लिवली त्याचा हात झडो. त्याच्या घरात कुत्रं नको मुतायला. मेला की त्याच्या पिंडाला कावला नाय शिवनार, मी सांगते ना." मग फुर्र करून घोट. आणि मी समोर बशी धरून उभी. "साखर बरोबर आहे ना, आई?" "साखर बरोबर हाय. त्याचं वाटोलं होवो."

हरकतींची सुनावणी पनवेलला बाजाराजवळच्या एका मंगल कार्यालयात ठेवली होती. आदल्या दिवशीच्या लग्नाची सजावट उतरवलेली नव्हती. समितीचे साहेब स्टेजवर, नवरा-नवरीच्या लाल सोफ्यावर बसले होते, पाठीमागे थर्माकोलचे दोन मोर. साहेब मधेच डोक्यावर येणारी झेंडूची माळ हातानं बाजूला करत होते. प्रत्येकाला तीन मिनिटं. हरकतदार म्हणून मी माझं नाव दिलं नव्हतं, सासूबाईंचं दिलं होतं. त्यांनी ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसलं होतं, अंबाड्यात अबोली. नाव पुकारलं तशा त्या थेट स्टेजवर चढल्या.

साहेब म्हणाले, "बोला आजी, तुमची काय हरकत आहे?"

"मना जलायचं हाय."

साहेबांनी माळ सोडली. "म्हणजे?"

"म्हंजे मेल्यावर. माझा घो जया जलला, तिथं. तुमी तया बाग केलीव. बागंत मी कशी जलनार?"

"अहो आजी, तुम्ही शंभर वर्षं जगा."

"ते माझं मी बघन. तू जागंचं बोल."

हॉलमध्ये हशा पिकला. साहेबही हसले. माणूस वाईट नव्हता. त्यांनी फाईल मागवली, पानं उलटली आणि म्हणाले, "आजी, बाग आम्ही नाही केली. तुमच्याच ग्रामपंचायतीचा ठराव आहे." मग कागद माझ्याकडे फिरवला. मी सासूबाईंच्या मागे उभी होते. "तुम्ही शिकलेल्या दिसता. सूचकाचं नाव लिहिलेलं नाही, नुसती सही आहे. ही कुणाची, ओळखता का? त्या मेंबरनं जर लिहून दिलं की इथं उद्यान कधी नव्हतंच, स्मशानच होतं, तर आम्हाला दुरुस्ती करता येईल. बाकी पुरावा काहीच नाही."

मी कागदाकडे बघितलं. माझी सही झोकदार आहे, शेवटी एक शेपूट असतं.

"फक्त एक आहे," साहेब पुढं म्हणाले, "तसं लिहून दिलं तर उद्यानाचा निधी कुठं गेला, याची चौकशी लागेल."

तीन मिनिटांतलं एक मिनिट तरी मी त्या शेपटाकडेच बघत राहिले. चौकशी म्हणजे काय ते मी मेंबर असताना बघितलं होतं. तालुक्याला हेलपाटे, पेपरात नाव, नवऱ्याच्या यार्डात कुजबुज. मुलगी तेव्हा बारावीला. भाऊसाहेब कधीच बदली होऊन रत्नागिरीकडे गेले होते, सरपंच विचारलं की कानावर हात ठेवत होते. अडकणार होते ती मी एकटी.

"सही नीट लागत नाहीये, साहेब," मी म्हटलं. "बघावं लागेल."

सासूबाईंनी वळून माझ्याकडे बघितलं. मग साहेबांकडे. मग स्टेजवरून उतरल्या. मला वाटलं, गुडघे दुखत असतील.

दोन महिन्यांनी घरी पत्र आलं. 'आपली हरकत अंशतः मान्य करण्यात येत आहे.' मी चार वेळा वाचलं. स्मशानाची हरकत अंशतः कशी मान्य करतात? माणूस अर्धा जाळायचा? खाली खुलासा होता, 'विद्यमान शेड न पाडता नागरिकांना बसण्यासाठी कायम ठेवण्यात येईल.' म्हणजे भाऊसाहेबांचा ठराव शेवटी शब्दशः अमलात आला. आमच्या ग्रामपंचायतीच्या इतिहासात असं कधी झालं नव्हतं.

बाग झाली, आणि चांगली झाली, तेही सांगितलं पाहिजे. चालायचा ट्रॅक, व्यायामाची यंत्रं, कमळाच्या आकाराचं कारंजं. समोरच्या नव्या सोसायट्यांतली माणसं सकाळी पांढरे बूट घालून यायला लागली. आमच्या शेडमध्ये बाकं टाकली, वर 'ज्येष्ठ नागरिक कट्टा' असं लिहिलं. सोसायटीतली म्हातारी माणसं तिथं बसून हसण्याचा व्यायाम करायची, हात वर करून हा हा हा. खाली माझे सासरे.

सासूबाई रोज संध्याकाळी काठी टेकत तिथं जाऊन बसायच्या. मी एकदा विचारलं, "आई, कशाला जाता?" तर म्हणाल्या, "जलायला नाय तर नाय, बसायला तरी." आणि रोज सकाळी चहाबरोबर शिव्या चालूच होत्या. चार वर्षं. एक सकाळ चुकली नाही. कधी कधी शिवी देऊन झाल्यावर त्या माझ्याकडे बघत थांबायच्या, जणू मी काही बोलणार आहे. मी विचारायची, "अजून चहा घालू का?"

"घाल," त्या म्हणायच्या.

गेल्या त्या जुलैमध्ये, झोपेतच. बाहेर मुसळधार. हायवेच्या स्मशानात आधी फॉर्म भरला, मयताचं नाव, वय, वॉर्ड. वॉर्ड नंबर कुणालाच आठवेना, कारण तो तिसऱ्यांदा बदलला होता. मग गेटसमोर लावलेले दोन ट्रेलर मागं घेईपर्यंत आमची अँब्युलन्स बाहेर उभी. आत मात्र पक्की शेड, गॅसची भट्टी, पाण्याचा थेंब नाही. अगदी कोरड्या जळल्या. त्यांची हरकत इथंसुद्धा अंशतः मान्य झाली.

दहाव्याला आम्ही खाडीवर गेलो. खाडीवर जायला आता बागेतूनच वाट आहे. गेटवर बोर्ड, 'बागेत खाद्यपदार्थ आणू नयेत. पक्ष्यांना खाणे घालू नये.' रखवालदार आमच्या हातातल्या परातीकडे बघत म्हणाला, "मॅडम, हे अलाउड नाहीये." मी संतापले. नवऱ्यानं त्याला बाजूला घेऊन समजावलं. बिचारा लाजला आणि म्हणाला, "दहाला गेट बंद होतं, तेवढं त्याच्या आत करा."

बांधावर पिंड ठेवले. ओहोटी होती, चिखलात कावळे ढिगानं होते. एकही येईना. आमच्याकडे अशा वेळी माणसं मयताची राहिलेली इच्छा ओळखून शब्द देतात. नवरा हात जोडून म्हणाला, "आये, बहिनीला अंतर देनार नाय." कावळा नाही. नणंद म्हणाली, "आये, तुझ्या पाटल्या नातीलाच घालीन." कावळा नाही. कट्ट्यावरून हा हा हा ऐकू येत होतं. भटजी घड्याळ बघत दर्भाचा कावळा करायला बसले.

तेव्हा मी पुढं झाले. सगळ्यांसमोर, मोठ्यानं म्हटलं, "आई, बागेचा ठराव मी मांडला होता. सही माझी होती. त्या दिवशी मी ओळखली होती. तुम्ही रोज शिव्या देत होतात त्या मलाच."

नवरा माझ्याकडे बघत राहिला. समोरचे कावळे आपले चिखल टोचत होते. मी वाट बघितली. खूप वाट बघितली. मग भटजींनी दर्भाचा कावळा पिंडाला लावला आणि म्हणाले, "चला, झालं."

परत येताना सासूबाईंची धाकटी बहीण, आमची मावशी, माझा हात धरून चालत होती. कारंज्याजवळ तिला दम लागला म्हणून थांबलो.

"तिला म्हायती व्हतं गो," मावशी म्हणाली.

"काय?"

"तुझी सही. त्या लग्नाच्या हॉलात तुझं तोंड बगलं ना, तवाच तिला समजलं. माझ्याकडं आली तवा बोलली, पोरीनं माझ्यासाठीच पतरा घातला, मी तिला काय बोलू? तिनं तिच्या तोंडानं सांगितलं तर मी सोता जाईन सायबाकडं, आंगठा उठवीन, बोलीन की माझ्याच सांगन्यावरनं केलं. मना म्हातारीला काय फाशी देनार हायत?"

मावशीनं पदरानं तोंड पुसलं.

"म्हनून तर रोज शिव्या द्यायची. बोलायची, कंटालून एक दिस तरी सांगल."

मागून रखवालदारानं शिटी वाजवली. दहा वाजले होते.